गळ्यातली चांदीची डबी

८ जुलै, मंगळवार

एडीएचडी! डॉक्टर मॅडमनी कागदावर लिहून दिलं. घरी येईपर्यंत मी तो कागद दोनदा खिशातून काढून वाचला. आजाराचं नाव वाटतच नाही, मोटरसायकलचं मॉडेल वाटतं.

मॅडम म्हणाल्या, तुमची पोरगी सिद्धेश्वरी वांड नाही, आळशी नाही, फक्त लक्ष एका जागी ठरत नाही. एका वेळी एकच काम सांगा. चारचौघांत ओरडू नका. गोळी रोज सकाळी. मी मान डोलावत होतो. बाहेर आल्यावर महादेवीनं विचारलं, "अहो, काय कळलं का तुमाला?" म्हटलं, सगळं. बायकोपुढे आणखी काय म्हणणार?

१९ जुलै, शनिवार

एक काम सांगितलं — "सिद्धी, दप्तर आण." गेली ती गेलीच. शोधत गेलो तर गच्चीवर, शेजारच्या गुरूच्या कबुतरांना ज्वारी टाकत बसलेली. "दप्तर कुठंय?" "कुठलं दप्तर पप्पा?" आणि हे तोंड असं निरागस, की रागवावं तर कुणावर!

माझाही धंदा वाईट. बावीस वर्षं एमआयडीसीत टॉवेल तपासतोय. टॉवेल टेबलावर पसरायचा, तुटका धागा दिसला, डाग दिसला, की खडूची खूण. घरी आलं तरी डोळे तेच काम करतात. आज तासाभरात पोरीतले सात दोष काढले. चप्पल एकच पायात, डब्याला झाकण नाही, गणिताच्या वहीत मराठीची कविता... बरं, दोष मोजून झाले. पुढं काय करायचं? टॉवेल दुसऱ्या ढिगात टाकता येतो.

२८ जुलै, सोमवार

आईनं आज मला न विचारता सिद्धीला कुंभारीच्या मठात नेलं आणि लिंगदीक्षा देऊन आणली. गळ्यात दोरा, दोऱ्याला चांदीची डबी, डबीत इष्टलिंग, आम्हा लिंगायतांचा देव. जन्मभर अंगावेगळं करायचं नाही. आणि दिलं कुणाला? आठवड्याला दोन कंपासपेट्या हरवणाऱ्या पोरीला!

मी म्हटलं, आई, हे टिकायचं नाही. ती हरवणार.

"कंपास गळ्यात असतो व्हय रं?" आई म्हणाली. "तू तिच्या हातात कवा काय भरवशानं दिलंस का? आं?"

मी जेवायला बसलो.

५ ऑगस्ट, मंगळवार

काय चाललंय मला समजत नाही. सिद्धी बसते! सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर लिंग, त्यावर पाणी, बेलाचं पान, आणि मग नुसतं बघत राहायचं. आई शेजारी, "कूत्को अव्वा, कूत्को." बस बाई, बस. आज मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. माझी पोरगी अकरा मिनिटं!

त्याच पाटावर मग गणितही झालं. सातपैकी पाच बरोबर.

महादेवी म्हणते गोळी लागू पडली. आई म्हणते लिंग. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, दोन्ही चालू ठेवा. डॉक्टर असून असं बोलल्यावर माणसानं काय समजायचं? मी आपला दोघींना हो म्हणतो.

६ ऑगस्ट

चौदा मिनिटं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

डबी नाही.

सकाळी मीच तिला शाळेत सोडलं. झेंडावंदन, नंतर त्यांचं लेझीम. संध्याकाळी आईनं जवळ घेतलं तर गळा मोकळा.

विचारलं, शाळेत पडली? "हो." बाथरूममध्ये काढून ठेवलीस? "हो." गुरूच्या गच्चीवर राहिली? "हो, असंल." तिन्हीला हो! माझं डोकंच फिरलं. हरवायची ते हरवायची, वर खोटं. हात उचलला गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

ती रडली नाही. गाल धरून म्हणाली, "हरवली असंल पप्पा. मीच हरवते ना सगळं."

आई ताटावरून उठली. अंगावर लिंग नसेल तर घास घ्यायचा नाही, असा तिचा नियम. पोर लहान, म्हणून पोरीच्या वाटचा उपास आजीनं धरला. म्हटलं, आई, तुला शुगर आहे. "दूध घेते की. गळ्यात मी घातलं, मीच निस्तरते." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

कामाला दांडी. शाळेचं मैदान पालथं घातलं. शिपाई महादेवप्पा बिचारा खराटा घेऊन माझ्या पुढं. घरी मोरीचा पाइप उघडला, गच्ची झाडली, गादीचा कापूस चाचपला. मिळालं काय? तीन कंपासपेट्या आणि जूनमध्ये हरवलेली पाण्याची बाटली. सिद्धी दिवसभर माझ्या मागं मागं. मी थांबलो की थांबायची, वाकलो की वाकायची. एकदाही भरकटली नाही. हे लक्षात आलं आणि जास्तच वाईट वाटलं.

१७ ऑगस्ट, रविवार

मठात जाऊन आलो. स्वामीजी रागावतील वाटलं होतं. म्हणाले, लेकरू आहे, उद्या संध्याकाळी आणा, दुसरं देऊ. आईचा चेहरा तिसऱ्या दिवशी जरा खुलला. सिद्धी पूजेला बसली की जेवते म्हणाली.

सिद्धीला सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा झाकला. "मला नको. मी परत हरवीन. अज्जी परत उपाशी राहील."

समजावलं, चॉकलेट दाखवलं. नाही म्हणजे नाही. पाटावर बसत नाही, वही उघडत नाही. "माझ्याकडं काही द्यायचं नाही," एवढं एकच म्हणते.

ती हरवणार, हे मीच बोललो होतो, डबी आणली त्या दिवशी. आज तिच्या तोंडून ऐकवत नाही. महादेवी म्हणाली, "डबी हरवली त्याचं मला काही नाही. पण तुमी तिला मारलं, ते तिनं मनात धरलंय." मी पेपर उघडला. एक ओळ वाचली असेल तर शपथ. पोरीचं काय करायचं, आईला जेवायला कसं बसवायचं, मॅडमना काय सांगायचं, मला काही म्हणजे काही उमगत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार. दुपार, कारखान्यात

जेवणाच्या सुट्टीत पाऊस आला. स्कूटरच्या डिकीतून रेनकोट काढला. खिशात डबी.

आठवलं. पंधरा तारखेला शाळेच्या फाटकात मी सुपरवायझरशी फोनवर बोलत होतो. ती म्हणत होती, "पप्पा, दोरा सुटतोय, लेझमीत पडंल. तुमी ठेवा की." मी न बघताच हात पुढं केला होता आणि हातात आलं ते अंगातल्या रेनकोटच्या खिशात टाकलं होतं.

तिनं हरवलीच नव्हती. सांभाळायला माझ्याकडं दिली होती, आणि नंतर दोघंही विसरलो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शाळा सुटायच्या आत पोचलं पाहिजे. आधी तिला सांगायचं. मग आईला.