कड्याखालचं वळण

मेर्कासाक,
१४ मे

प्रिय लुदो,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या आईकडून लिहून घेतला. तिने लिहून दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. का, ते पुढे येईलच. दोन वर्षांत मी तुला वाढदिवसाच्या कार्डावर सही करण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आज सकाळपासून बसलोय. तीन कागद फाडून झाले, हा चौथा. हा काही फाडणार नाही.

आधी घरचं सांगतो. अक्रोडांना यंदा उशिरा पालवी फुटली, त्यामुळे एप्रिलमधल्या गारठ्यातून झाडं वाचली. नदीकडच्या ओळीतली सात मात्र गेली, मुळंच कुजली होती. आईचा गुडघा आहे तसाच आहे. नदीकाठची सायकलवाट पुन्हा सुरू झाली, हे तुला कुणीतरी कळवलं असेलच. कड्याखालच्या वळणावर आता काँक्रीटची भिंत बांधली आहे. इस्टरपासून रोज वीस-पंचवीस सायकली आपल्या फाटकावरून जातात. वरच्या डोंगरातून निघायचं आणि आपली लो नदी मोठ्या नदीला मिळते तिथवर जायचं, पाचशे किलोमीटर. आई अजूनही त्यांना पाण्याच्या बाटल्या भरून देते, वाटेत बेकरी कुठे आहे ते सांगते. फाटकाशी घंटी वाजली की मी आत जाऊन बसतो. ऐकू कमी येतं म्हणून, असं मी सांगत असे.

मंगळवारी दुपारी आम्ही जेवत होतो. सूप संपवून मी नेहमीच्या रीतीने वाडग्याच्या तळाशी थोडी वाइन ओतली, तेवढ्यात फाटकाशी एक तीन चाकांची सायकल थांबली. मागे केशरी झेंडी, दोन्ही बाजूंना पिशव्या. एक बाई उतरली, सायकलीला अडकवलेली काठी सोडवली आणि एकेक पायरी करत वर येऊ लागली. चेहरा मी लगेच ओळखला. दीड तास तो माझ्या खांद्याला टेकलेला होता. हॅनेका, ती डच शिक्षिका. तिच्या मांडीत सळई आहे, कमरेत दोन स्क्रू आहेत. साध्या सायकलीवर आता तिला बसता येत नाही. पण दोन वर्षांपूर्वी आपल्या गावात तुटलेली वाट पुरी करायची म्हणून ती परत आली होती. नवरा पुढच्या मुक्कामावर तंबू लावायला गेला होता. हिने मुद्दाम मागे राहून आपलं घर शोधून काढलं होतं. आईने तिला मिठी मारली, खुर्चीवर उशी ठेवली. तिने पिशवीतून चीजचा एक अख्खा गोळा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हे माझा जीव वाचवणाऱ्यासाठी.

तो शनिवार तुला सांगायची गरज नाही. त्याची किंमत तूच भरलीस. तरी गावाने तो जसा ठरवला तसा आधी लिहितो. मार्चच्या पुराने वळणाखालचा काठ आतून पोखरला होता. सायकलवाटेच्या टोळीचा मुकादम तू. शुक्रवारी दुपारी तुम्ही वाट दोन्ही टोकांना बंद करायला आलात. तुझा जोडीदार गाडी घेऊन खालच्या टोकाला गेला, आपल्या टोकाला तू एकटाच होतास. शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. सव्वाआठला हॅनेका वळणावर आली, नवरा पावासाठी बेकरीत थांबला होता. वाट तिच्यासकट खचली. चार मीटर खाली, काठावरच्या झाडाच्या मुळांत पाय अडकून ती कमरेएवढ्या पाण्यात पडली आणि नदी चढत होती. मी हाका ऐकून खाली उतरलो आणि अग्निशमनवाले दोर घेऊन येईपर्यंत तिचं डोकं पाण्याच्या वर धरून उभा राहिलो. चौकशीत निघालं ते असं, की खालच्या टोकाचं बॅरिकेड जागेवर होतं आणि आपल्या टोकाचं कुठेच नव्हतं. म्हणजे मुकादम विसरला. जुलैत सरपंचबाई व्हेसाद यांनी चौकात सगळ्यांसमोर माझ्या कोटाला पदक लावलं. त्याच आठवड्यात तुला मुकादमीवरून काढल्याचं पत्र आलं.

त्या दोन्हींच्या आधीचा एक रविवार तुझ्या डोक्यातून गेला नसेल. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरात उभा होतास, बूटही काढले नव्हतेस. तू विचारलंस, "बाबा, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही बागेतला पंप काढायला गेला होतात ना? मग तुम्ही बघितलं असेल. बॅरिकेड होतं ना जागेवर?" तुझ्या आवाजात संशय नव्हता. तू साक्षीदार शोधत होतास, आणि तो घरातच सापडला याचा तुला केवढा धीर आला होता. मी म्हणालो, "मी वरच्या रस्त्याने गेलो होतो." तू मान हलवलीस आणि पाणी प्यायलास. त्यानंतर तू हा विषय माझ्याकडे कधी काढला नाहीस. मीच काढत राहिलो, तोही दुसऱ्यांपाशी. कॅफेत कुणी तुझं नाव घेतलं की मी म्हणायचो, पोरगं गुणी आहे हो, पण लहानपणापासून जरा विसराळू. लोक माझ्या पाठीवर हात ठेवायचे. लुदो, तू विसराळू कधीच नव्हतास. सहा वर्षांत त्या वाटेवरचा एक खिळा तुझ्या हातून राहिला नव्हता.

मंगळवारी आई कॉफी करायला आत गेली आणि हॅनेका माझ्याजवळ खुर्ची सरकवून बसली. तिला तुला भेटायचं होतं. तुझ्यावर राग नाही, हे तुला तोंडावर सांगायचं होतं. तू ब्रेस्तला गोदीत काम करतोस, घरी येत नाहीस, असं मी सांगितलं. तिने आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, एक गोष्ट विचारायची आहे, नवरा म्हणतो तो भास होता, डोक्याला मार लागल्यावर असं होतं. ती अगदी सावकाश बोलत होती, आपली भाषा तिला जपून बोलावी लागते. "मी खाली पडले, ओरडले. मग वर कुणाची तरी पावलं वाजली. मला वाटलं, आलं कुणीतरी. पण तो माणूस आला नाही. आधी लोखंड दगडावर घासत नेल्याचा आवाज आला. मग पाण्यात काहीतरी मोठं पडलं. आणि मग तुम्ही आलात. तो आवाज कसला होता?"

आत कपांचा आवाज येत होता. मला सांगता आलं असतं, की बाई, तो भासच. ती विश्वास ठेवायला तयारही होती, माझ्याकडून तेवढं ऐकायलाच आली असावी. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण तिने माझ्या बाहीवर हात ठेवला होता, त्याच हाताने त्या दिवशी तिने माझी बाही धरून ठेवली होती, आणि माझ्याने ते वाक्य बोलवलं नाही.

मी तिला सांगितलं ते तुला सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर पाणी चढण्याचा इशारा आला. पंप बागेत नदीकाठी होता. वरच्या रस्त्याने ट्रॅक्टरला पाऊण तास लागतो, सायकलवाटेने पाच मिनिटं. तू लावलेलं बॅरिकेड मी उचललं आणि झुडपात टेकवलं. वळसा दाखवणारी बाणाची पाटी त्यालाच लटकलेली होती. ट्रॅक्टर घेऊन मी वळणावरून गेलो. मध्यावर मागचं चाक एकदम दबलं, तसाच रेटून पलीकडे काढला. पंप ट्रॉलीत टाकला. त्या वाटेने परत यायची हिंमत झाली नाही, म्हणून बागेतून चढून वरच्या रस्त्याने घरी आलो. बॅरिकेड तसंच राहिलं. जेवताना आठवलं. म्हटलं, आता कोण सायकल घेऊन येतंय, सकाळी लावू. सकाळी धुक्यात मी तिथे पोचलो, बॅरिकेडला हात घातला आणि वळणावरून हाक आली. शब्द परक्या भाषेतले होते, पण काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. वाट माझ्या चाकानेच आधी मोडली होती.

आणि मी धावलो नाही, लुदो. बॅरिकेड हातात धरून मी विचार केला. झुडपात सापडलं तर विचारतील, कुणी हलवलं, आणि त्या वाटेपलीकडे बाग आपलीच एकट्याची. जागेवर परत लावलं तर ती बाई वर निघाल्यावर सांगेल, की इथे काही नव्हतं. मी ते दगडावरून ओढत काठाशी नेलं आणि पुराच्या पाण्यात लोटलं. ती तेवढा वेळ हाका मारत होती. मग धावलो. चाकाच्या खुणा खचलेल्या मातीबरोबर आधीच गेल्या होत्या.

हॅनेका रडली नाही, ओरडली नाही. तिने विचारलं, "किती वेळ गेला त्यात?" मी म्हटलं, दोन मिनिटं असतील. ती म्हणाली, मला तो फार वाटला होता. मग काठी शोधून उठली. दारापाशी वळून म्हणाली, "तुम्ही मला पाण्यातून वाचवलंत, ते खोटं नाही. पण हे मला सांगून भागणार नाही. ज्याला सांगायला हवं तो इथे नाही." मी हात पुढे केला, तिने तो घेतला नाही. सायकलीवर बसायला तिला वेळ लागला, मी मदतीला गेलो नाही, तिला ती नको होती. झेंडी वळणाआड जाईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

मागे वळलो तर आई दारात होती, हातात ट्रे. किती ऐकलं ते विचारावं लागलं नाही. तिने तिन्ही कप एकेक करून टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "आणि मी त्याला फोनवर सांगत होते, बाळा, झाली चूक, कबूल कर आणि मोकळा हो." एवढंच. तुझ्या नाताळच्या फोनबद्दल बोलत होती ती, ज्यानंतर तू फोन करणं बंद केलंस. त्या फोनच्या वेळी मी शेजारी बसून अक्रोड फोडत होतो. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. स्वयंपाक करते, माझं ताट मांडते आणि स्वतः नंतर जेवते. आता ती काय ठरवेल ते तिचं, मी विचारलेलं नाही.

काल सकाळी मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. चार पानं झाली, प्रत्येक पानावर सही केली. बॅरिकेड कुठे लोटलं ते नकाशावर दाखवलं. पाणी उतरलं की पाणबुडे उतरवतील म्हणाले. प्रकरण पुन्हा उघडणार आणि खटला माझ्यावर होऊ शकतो, हेही त्यांनी नीट समजावलं. ठाण्यातून निघून सरपंचबाईंकडे गेलो आणि तेच परत सांगितलं, त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. जबाबाची प्रत सोबत घातली आहे, शिक्क्यासकट. गोदीत, रस्ते खात्यात, जिथे लागेल तिथे दाखव. हे पत्र एवढ्यासाठीच, की कुणा परक्याकडून कळायच्या आधी तुला ते माझ्या हातचं मिळावं. क्षमा मागायची तर ती समोर उभं राहून मागावी लागेल आणि मी यावं की नाही ते तू ठरवायचं, म्हणून इथे मागत नाही. सोमवारी सकाळी नवाच्या सुमाराला तुला ठाण्यातून फोन येईल. त्यांना तुझं म्हणणं नव्याने लिहून घ्यायचं आहे आणि या वेळी ते ऐकण्यासाठीच फोन करणार आहेत. नंबर अनोळखी असेल. तरी उचल.

तुझाच,
बाबा