अकरा नंबरचा पैलवान

४ जाने., अनगोळ, बेळगाव
निपाणीला बाबूकडे जाऊन आलो. पैलवानांची कार्डं पुन्हा पाहिली. लहानपणी तंबाखूच्या पुड्यात एकेक यायचं, एकूण चोवीस. माझ्याकडे सतरा, बाबूकडे तेवीस, आणि त्याची सगळी पहिल्या छपाईची! घरची तंबाखूची वखार. कार्डं त्याच्याकडे चालत आली. मी तीस वर्षं रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवले. अकरा नंबर मात्र दोघांकडेही नाही. त्या एका रिकाम्या चौकटीवर आमची मैत्री टिकून आहे.

९ जाने.
पहिली छपाई ओळखायला बाबूला मीच शिकवलं. अर्धंच. पहिल्या खेपेची कार्डं तंबाखूत उघडीच टाकत, म्हणून पाठीवर तपकिरी डाग. दुसऱ्या खेपेची कागदात गुंडाळलेली, पाठ कोरी. एवढं सांगितलं. भिंगाखाली पहिलीचा रंग सलग दिसतो, दुसरीचा बारीक ठिपक्यांचा, हे नाही सांगितलं. विसरलो म्हणावं तर इथं तरी खोटं कशाला...

१७ जाने.
बाबू बेळगावात. खडेबाजारात चहा. खिशातून वही, वहीतून अकरा नंबर. माझा चहा तिथंच गार.
“संकेश्वरच्या आक्कानं दिलं. कापराच्या डबीत जपून ठेवलेलं बघ.” आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. कार्ड उलटं करून म्हणाला, “पण डाग न्हाय रं. दुसरी छपाई दिसतीया. तरी तू नीट बघून सांग, तुझी नजर लई तयार. पहिली असंल तर माझा संच पुरा. न्हायतर तूच ठेव. तुझ्याकडंबी अकरा न्हाय की.”
इतका मोकळा माणूस जवळ असणं हाही एक छळच.

१८ जाने.
भिंग लावलं. लंगोटाचा लाल सलग. छाती, मिशा, कुठंही ठिपका नाही. तीनदा बघितलं. पहिलीच.
मग पाठ कोरी कशी? बाबूला फोन केला, सहजच केल्यासारखा.
“आईचा दंडक हुता. तंबाखू वखारीत, घरात कणबी न्हाय. माझी कार्डं वखारीतच असायची. आक्काला पायजे असलं तर उंबऱ्यावरच लगेच पुसून आत न्यायची.”
म्हणजे डाग मुरायच्या आधीच पुसलेलं. उत्तर त्यानंच दिलं, आणि त्यालाच कळलं नाही.
“मग? कुठली छपाई?”
“दुसरी,” म्हणालो.
दर आठवड्याला साप्ताहिकात लोकांच्या लबाडीवर लिहितो. सराव कामी आला.
“जाऊ दे. ठेव तू. आक्काला सांगतो, चांगल्या घरात पडलं.”

२५ जाने.
अल्बमात लावलं. अठरा झाली. सगळ्या पानांना कापराचा वास, देवळात बसल्यासारखं वाटतं. आनंद व्हायला हवा होता. पण बाबूची तेवीस आठवतात आणि जळतंच. त्यातून आता त्याच्या त्या ‘जाऊ दे’चाही हेवा वाटायला लागलाय. मला हा शब्द आयुष्यात एकदाही मनापासून म्हणता आलेला नाही.

३ फेब्रु.
बाबूचा फोन. “रविवारी आक्का येतीया. कार्ड एकदा बघायचंय म्हणती. तू घिऊन ये. आणि तुझं ते भिंगबी आण, तिला बारीक दिसत न्हाय. मीबी बघतो, तू त्यातनं एवढं काय बघतोस ते.”
व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

८ फेब्रु., बसमध्ये
कार्ड वरच्या खिशात. भिंग मुद्दाम टेबलावर ठेवून निघालो. स्टँडपर्यंत पोचलो, परत घरी गेलो, घेतलं. पहिली बस चुकली.
बाबूची तेवीस ठिपक्यांची असती तर! नाहीत. आधीच बघितलीत, त्याला कळू न देता; सगळी या अकरासारखीच सलग.
संकेश्वर मागं पडलं. फोन.
“भिंग घेतलंस न्हवं?”
“घेतलं.”
“आक्का वाट बघतीया बघ.”
भिंगही वरच्या खिशात, कार्डाशेजारी ठेवलं.