वळणाअलीकडची पाटी

३ एप्रिल, गुरुवार

आलं ते – पिवळ्या बाणाच्या पाट्या चौतीस, लोखंडी खांब सहा, स्क्रू-खिळ्यांची दोन खोकी, छापील सूचनापत्र एक. वाहतूक धरून चारशे अकरा युरो. पैसे गावच्या पायवाटा सांभाळणाऱ्या मंडळाचे, पावती माझ्या फाइलीत.

‘तीन टेकड्यांची फेरी’ एक मे रोजी सुरू होणार. शेहेचाळीस किलोमीटर, सगळी जंगलातल्या खडीच्या रस्त्यांवरून, जाड टायरच्या सायकलवाल्यांसाठी. फेर्डी म्हणाला, “तीस वर्षं पायी चालणाऱ्यांना वाट दाखवली. आता ह्या घाईवाल्यांनाही दाखवू.” दाखवू म्हणजे मी दाखवायची. गावच्या वाटांचा राखणदार तो, माझा नवरा, पण गुडघे गेलेत त्याचे. शिडी आणि हातोडी माझ्याकडे.

१२ एप्रिल, शनिवार

उरलेल्या अकरा पाट्या लावून झाल्या. पाठ बोलते आहे.

संत रोखुसच्या चॅपेलपाशी उताराच्या शेवटी वाट फुटते. सरळ गेलं की लाकडं ओढायचा जुना मार्ग, थेट घळीत. डावीकडे आपली फेरी. सूचनापत्रात लिहिलंय, फाट्याच्या तीस मीटर अलीकडे खांब पुरा. जमीन सगळी दगडी. दोन वेळा कुदळ मारली, ठिणग्या उडाल्या. फाट्याच्या पलीकडे वळल्यावर बीच जातीचं जुनं झाड आहे, चालणाऱ्यांची पांढरी खूणही त्यावरच. आम्ही खूण नेहमी फाट्याच्या पलीकडेच करतो. माणूस वळतो, खूण दिसते, बरोबर आलो म्हणून पुढे जातो. नाही दिसली तर चार पावलं मागे येतो. पाटी त्याच झाडावर ठोकली.

एक खांब वाचला. घरी आणून मटाराच्या वेलाला लावला. उद्या ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, केक अजून व्हायचाय.

१ मे, गुरुवार

उद्‌घाटन. तेवीस सायकली. सगळे मंडळाच्या अध्यक्षाच्या, क्लेमेन्सच्या ट्रॅक्टरमागून हळूहळू. छान झालं.

११ मे, रविवार

चर्चमधल्या मिस्साहून येऊन बटाटे सोलत होते, तेवढ्यात क्लेमेन्स दारात. “फेर्डी, चॅपेलखाली दोघी पडल्यात. शहरातल्या पोरी. ब्रेक कधी दाबायचा तेही कळत नाही.”

दोघी मैत्रिणी, डॉर्टमुंडच्या. पुढे होती ती अनीका ब्रोकमान. तिने फाट्यावर आल्यावर एकदम ब्रेक दाबला, खडीवर चाक घसरलं. मागची मेराल तिच्यावर आदळून घळीत गेली. मेरालचा पाय दोन ठिकाणी मोडला. अनीकाचं गळ्याजवळचं हाड. अँब्युलन्समध्ये चढवताना अनीका सारखी म्हणत होती म्हणे, “वळणाआधी पाटी नव्हती. मेराल, खरंच नव्हती.”

बटाटे करपले.

१२ मे, सोमवार

पहाटे पाचला खांब उपटला. मटाराचा वेल तुटला थोडा. ढकलगाडीवर खांब, पहार, पाटी. दगड निघेपर्यंत दोन तास. तीस मीटर पावलांनी मोजले. झाडावरची पाटी काढून खांबावर लावली.

आणखी कुणी पडू नये म्हणून लावली. हे खरं आहे. पण कुणी उठायच्या आत गेले, हेही खरं.

१४ मे, बुधवार

अपघाताची जागा तपासायला जिल्ह्याचा माणूस आला. टेप लावला, फोटो काढले. “अलीकडे एकतीस मीटर. उत्तम काम.” फेर्डी काठी टेकत तिथवर गेला होता. म्हणाला, “बायको लावते. ती लावते तेव्हा मोजायला नको.” त्या माणसाने माझा हात हातात घेतला. फोड आले होते हाताला. त्याला वाटलं असेल बागकामाचे.

१७ मे, शनिवार

पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं. फादर म्हणाले, “देवाला सांगितलंत. त्याला माहीतच होतं. त्या मुलीला नाही माहीत.” प्रायश्चित्ताची प्रार्थना सांगतील म्हणून थांबले. “काय करायचं ते तुम्हाला कळलंय, शुल्टेबाई,” एवढंच.

२४ मे, शनिवार

बसने शेजारच्या गावात पापनिवेदनाला गेले. तिथले फादर बहिरट आहेत. ‘नमो मारिया’च्या तीन प्रार्थना सांगितल्या. म्हटल्या. काही उपयोग नाही.

९ जून, सोमवार

आज अनीका आली. बसने, एकटी, हात गळ्यात बांधलेला. आधी चॅपेलपाशी जाऊन पाटी बघून आली आणि मग वाटांचा राखणदार कुठे राहतो म्हणून विचारत आमच्या दारात. तिशीची असेल. नखं खाल्लेली.

मी कॉफी ठेवली, रुबार्बचा केक कापला.

“ती पाटी तेव्हाही तिथेच होती का?” तिने विचारलं. मला नाही, फेर्डीला.

“तिथेच, पोरी. तीस वर्षांत माझी एक खूण चुकलेली नाही.”

“मला ती दिसलीच नाही.”

“वेगात दिसत नाही. शरमण्यासारखं नाही त्यात.”

“मेराल केस कापायचं काम करते,” ती म्हणाली. “दिवसभर उभं राहायचं काम. ती माझा फोन घेत नाही. मी पुढे होते ना. पुढचा बघतो, मागचा त्याच्या भरवशावर येतो.” मग माझ्याकडे वळली. “काकू, केक फार छान झालाय.”

मी म्हटलं, “आणखी घे.”

एवढंच म्हटलं मी. एवढंच!

१० जून

तिला दोन तुकडे बांधूनही दिले होते.

२७ जून, शुक्रवार

अनीकाचं पत्र, फेर्डीच्या नावाने. त्याने ते दोनदा मोठ्याने वाचलं. ‘मी जाऊन बघितलं. चूक माझीच. पाटी होती, मी बघितली नाही. मेरालला तसं लिहून कळवलं. तिने उत्तर दिलं – निदान आता तरी खोटं बोलायचं थांबवलंस. सायकल विकली. आता रस्ता ओलांडतानाही डोळ्यांवर भरवसा वाटत नाही, सिग्नल दोनदा बघते. तुमच्या कामावर शंका घेतली, माफ करा.’

फेर्डी म्हणाला, “सरळ मुलगी. हे मंडळाच्या फळ्यावर लावू या.”

मी पत्र त्याच्या हातातून घेतलं. त्याला वाटलं, टाचण्या आणायला निघाले.

२८ जून, शनिवार

जेवणाआधी फेर्डीला सांगितलं. तो जेवला नाही. दुपारी टेबलावर त्याने पाकीट आणून ठेवलं, पोस्टाचं तिकीट लावून. लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मला त्यात बदल करता येणार नाही –

‘अनीका, त्या दिवशी वळणाआधी पाटी नव्हती. ती वळणापलीकडे झाडावर होती, मीच तिथे ठोकली होती. सोमवारी पहाटे जाऊन ती मी हलवली, आणि तू आमच्या टेबलाशी बसली होतीस तेव्हा गप्प राहिले. तुझे डोळे ठीक आहेत. हे पत्र आधी मेरालला दाखव. दुसरं असंच जिल्ह्याच्या माणसाला आजच पाठवते आहे. मेरालचा पत्ता मला हवा आहे, तिलाही मीच लिहायला हवं. उलट टपाली कळव. – वाल्बुर्गा शुल्टे’