आठ महिन्यांची मुदत

बुधवार, ९ एप्रिल

चूक माझी आहे. इथे तरी लिहून टाकते.

आज आल्फॉन्स कारखान्यात आला. अठ्ठावीस वर्षं आमच्याकडे लेथवर जिन्याच्या कठड्यांच्या दांड्या कातल्या त्याने. गेल्या जुलैत सदुसष्टाव्या वर्षी काम सोडलं. महिन्यापूर्वी पोटाचं दुखणं निघालं – स्वादुपिंडाचा कॅन्सर. टोपी काढली, विमा कंपनीचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "मार्लिस, बघ गं जरा. भाषा आपलीच आहे, पण एक ओळ कळेल तर शपथ!"

मला कळलं. पत्र म्हणत होतं: तुम्ही पासष्टच्या वरचे, आता कामावर नाही. तेव्हा आधी मेडिकेअरने, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी विम्याने द्यायचं, उरलंसुरलं आम्ही. मेडिकेअरमधला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग तुम्ही घेतलेलाच नाही. सबब उपचारांचा खर्च नामंजूर.

घेतला नाही, कारण मी नको म्हटलं होतं! जुलैत, याच टेबलावर. "कंपनीचा विमा अजून दीड वर्ष चालू ठेवता येतो रे. सरकारी हप्ता आत्तापासून कशाला भरतोस?" बावीस वर्षं सगळ्यांच्या विम्याचे कागद माझ्याकडे. माणसं न वाचता सही करतात – मार्लिसने सांगितलं ना, मग झालं.

त्याला म्हटलं, बघते. तोंड वर करवलं नाही.

गुरुवार, १० एप्रिल

सरकारी कचेरीला फोन. दीड तास नुसतं संगीत. मग एक बाई आली, आवाज मायाळू. आठ महिने मुदत असते म्हणाली – कंपनीचा विमा संपल्यापासून नाही, काम सुटल्यापासून! म्हणजे ३१ मार्च. दरवर्षी सगळ्यांसाठी नोंदणी उघडते, तीही ३१ मार्चलाच बंद झाली. आता जानेवारी.

"त्याला कॅन्सर आहे हो," म्हटलं.

"वाईट वाटतं ऐकून," म्हणाली.

दहा दिवस. फक्त दहा दिवस उशीर!

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. चर्चमध्ये आल्फॉन्स आणि त्याची बायको रोझेला दोन बाक पुढे. त्याचा कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. रोझेला मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मी प्रसाद न घेताच बाहेर पडले.

मंगळवार, २२ एप्रिल

रजा टाकून कचेरीत स्वतः गेले. काउंटरवरच्या माणसाने दोन जाड पुस्तकं उघडली. एक वाट आहे! मालकाकडूनच चुकीची माहिती मिळाली असेल तर पुन्हा अर्ज घेतात. पुरावा लागतो. लेखी.

"चुकीचं कोणी सांगितलं?"

"मी."

त्याने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "मग तुम्हीच लिहून द्या, बाई."

बुधवार, २३ एप्रिल

मालकाला सांगितलं. कर्ट खुर्चीतून उठलाच. "वेडी आहेस का, मार्लिस? वकील म्हणतो, 'चुकलं' एवढा शब्द जरी कागदावर गेला तरी उद्या दावा. सव्वीस जणांची चूल पेटते इथे. तुझीसुद्धा."

खोटं नव्हता बोलत. तेच तर वाईट.

रविवार, २७ एप्रिल

त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. रोझेला सूप वाढत होती, पळी हातात तशीच राहिली.

आल्फॉन्सने विचारलं, "सांगितलंस तेव्हा तुला ते खरं वाटत होतं ना?"

"हो."

"मग झालं तर."

"झालं?" रोझेला कडाडली. "काय झालं? हिचं काय गेलं? नवरा माझा मरतोय!"

मी म्हटलं, पत्र लिहून देते. तो मान हलवत राहिला. "नको. कर्ट तुला ठेवायचा नाही. तुझी अजून चार वर्षं आहेत तिथे."

रोझेलाने मला दारापर्यंत सोडलं नाही.

सोमवार, २८ एप्रिल

लिहिलं. सात ओळी. खाली पूर्ण नाव. एक प्रत कर्टच्या टेबलावर, एक रोझेलाच्या हातात.

बुधवार, ३० एप्रिल

नोकरी गेली. कर्ट खिडकीकडे बघून बोलला. चहाचा कप, स्वेटर, चपलांचा जोड – बावीस वर्षं एका खोक्यात मावली.

शुक्रवार, ९ मे

रोझेलाचा फोन. "ये. सही करतोय."

इतके दिवस ऐकत नव्हता. माझी नोकरी गेल्याचं काल कोणीतरी त्याच्या कानावर घातलं. अर्जावर सही करताना तीनदा थांबला. मी कागद धरून ठेवला. रोझेलाने मला सूप वाढलं.

सोमवार, २ जून

अजून काही नाही. दोन ठिकाणी कामासाठी अर्ज केले. एकसष्टाव्या वर्षी! एकाने हसून कॉफी पाजली.

मंगळवार, १७ जून

मंजूर! १ जुलैपासून. रोझेलाने पत्र फोनवर वाचून दाखवलं, मी परत वाचायला लावलं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. आता उपचार सुरू होतील.

गुरुवार, १९ जून

उपचार नाहीत.

रोझेलाचा फोन होता. सहीच्या तीन दिवस आधीच तो डॉक्टरांना सांगून आला होता – केमो नको. यकृतात पसरलंय. फार तर दोन महिने वाढले असते, तेही ओकाऱ्या काढत.

"मग अर्ज का केला?"

"म्हणाला, बिचारीने माझ्यासाठी पायावर धोंडा मारून घेतला. तो फुकट गेला असं तिला वाटायला नको."

मी विचारलं, खर्च नामंजूर झाला नसता, उपचार एप्रिलमध्येच सुरू झाले असते – तर?

रोझेलाने फोन ठेवला नाही. "ये. सूप केलंय," एवढंच म्हणाली.