पहिला वडा चुलीचा

चि. सूनबाई रोशनीस,

पाहुण्यांना आणण्याकरिता मी डहाणू स्टेशनाकडे प्रस्थान करीत आहे. दिवाळीचे वडे तुला एकटीलाच तळावे लागतील. गेल्या वर्षी रीतीप्रमाणे पहिला वडा अग्नीला द्यावा म्हणून तू तो गॅसच्या ज्वाळेत धरलास, तेल ठिबकले आणि कढई पेटली. त्यावर तू पाणी ओतणार होतीस! तसे कदापि करू नये. गॅस बंद करून कढईवर परात झाकावी.

यंदा पहिल्या वड्यासाठी अंगणातील जुन्या चुलीत विस्तव ठेवला आहे. तुझी कैलासवासी सासू वडा देताना म्हणत असे, "घे गं माय, आधी तू खा, मग ही खादाड माणसं!" तूही ते मोठ्याने म्हणावेस. तुला लाज वाटू नये, म्हणूनच मी लवकर निघालो आहे.

तुझा सासरा,
सुदाम