लंकेवरचं गाऱ्हाणं

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी देवळात तुम्ही जे बोललात ते तुमचं होतं, की कोणी तुमच्या तोंडून वदवून घेतलं? जन्मात तलाठ्यालासुद्धा उलटून न बोललेला माणूस एकदम उठतो नि दिल्लीला जाब विचारतो, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

दादा तेव्हा फौजेत होता, श्रीलंकेत. शांतिसेना म्हणून आपलं सैन्य तिकडे गेलेलं, नि आपल्या गावचा मुलगा त्यात, म्हणून गावाला केवढा तोरा. वाचनालयाची व्याख्यानं देवळाच्या मंडपात व्हायची. त्या वर्षी लांज्याच्या वक्त्याने ऐनवेळी टांग दिली आणि तुम्ही म्हणालात, मी बोलतो. आम्हाला वाटलं, आंब्याच्या मोहराबद्दल बोलाल.

मी बायकांत आईशेजारी बसलेय. तुम्ही उभे आहात, उपरणं सारखं करताय. शिमग्याला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा, त्यामुळे चारचौघांत बोलायची तुम्हाला ती एकच रीत ठाऊक. हात जोडून, दर वाक्याच्या शेवटी आवाज चढवून. "शांतीसाठी नेलेली पोरं गोळ्या कोणावर झाडतायत, हे आपल्याला कोणी सांगितलंन काय?" आणि मागून गाऱ्हाण्याच्या सवयीने आलंच, "व्हय महाराजा." हशा पिकला. तुम्ही थांबला नाहीत. "तिकडली तमिळ माणसं आपली वैरी कधी झाली?" "व्हय महाराजा." आता सगळा मंडप म्हणत होता. प्रश्नाला होकार देत होते खुळे. सरपंच मात्र हसले नाहीत. उठून म्हणाले, "आप्पा, देवाचं देवाला नि सरकारचं सरकारला. तुमचा मुलगा तिकडे हाय, एवढं तरी बघा."

घरी आल्यावर आईने भांडी आपटली. "कोणी पढवलंन तुम्हाला? पोराच्या जिवावर भाषणं ठोकताय?" तुम्ही खाली मान घालून कुळथाची पिठी भुरकत राहिलात. त्यानंतर दादाचं पत्र येईना. कोणीतरी कागाळी केलीन नि माझ्या पोराला मुद्दाम पुढे धाडलंन, अशी आईची खात्रीच झाली. मला संशय वेगळाच. रत्नागिरीचा एक पुढारी आपल्या ओटीवर दोनदा चहा पिऊन गेला होता. मी तुमच्यावर पाळत ठेवली. पोस्टमनशी काय बोलता तेसुद्धा कान देऊन ऐकायची. रागच होता माझा तुमच्यावर. दादाला काही झालं असतं तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं, हे आज स्पष्टच सांगते.

दादा हातीपायी धड परत आला. तुम्ही "आलास?" एवढंच म्हणालात. पुढे तुम्हीही गेलात आणि विषय तसाच राहिला.

परवा दादाकडे गेले होते. तोही आता म्हातारा झालाय, सुपारी कातरायला तासभर घेतो. मी सरळ विचारलं, "आप्पांना तू काही सांगितलं होतंस का रे?"

आधी "छे" म्हणाला. मग सुपारीचं खांड तोंडात टाकलंन नि आपणहून बोलला. "त्या व्याख्यानाआधी रजेवर आलो होतो, तेव्हा त्यांनीच विचारलंनी. तिकडली माणसं तुम्हाला बघून काय करतात? मी म्हटलं, आधी हार घालायची. आता पोरांना उचलून घरात शिरतात नि कड्या लावतात."

"मग?"

"मग काय. म्हणाले, कडी लावलेल्या घरात तुम्ही शिरता काय?"

दादाने अडकित्ता खाली ठेवला. तू काय उत्तर दिलंस, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. हे पत्र काही कुठे धाडायचं नाही, म्हणून तुमच्यापाशी कबूल करते, आप्पा. मी विचारलं नाही. वहिनीला हाक मारली नि म्हटलं, चहा टाक.