इस्त्री थांबली तर गाणं बाद

४ मार्च

परत पहिला नंबर! ह्यांनी सकाळी पेपरच माझ्या नाकासमोर धरला. माझ्या धाकट्या भावाचा, खडूचा, हा एवढा मोठा फोटो — अजून दाढी नीट करत नाही मेला. खाली लिहिलंय, देशातला सगळ्यात जास्त ऐकला जाणारा रॅपर, आणि गेल्या काही वर्षांत त्याने गाण्यांत जो जाडजूड ढोल आणला त्याची आता सगळे नक्कल करतात. करू देत. मलाही ढोलवालीच जास्त आवडतात.

पण जुनीसुद्धा कुठे उतरलीयत? दुपारी शाळा सुटली तर चार कारटी आपापली कॉलर मागून ओढत, पाय आपटत दुकानासमोरून गेली. ‘उलटा शर्ट’! ते गाणं आलं तेव्हा त्यांचे आईबापच शाळेत असतील. आता साबणाच्या जाहिरातीतही तेच. तो उलटा शर्ट खडूला मीच घातला होता, गडबडीत. दिवसभर तसाच वर्गात बसला आणि घरी येऊन त्याचं गाणं केलं! आई म्हणाली होती, “हे गाणं आहे की भांडण?”

हे दुकान, वरचं घर, वाफेची इस्त्री — सगळं त्याच्या गाण्यांनी दिलं. आणखी काय मागू?

९ मार्च

खडू उद्या नवं गाणं घेऊन येतोय.

पद्धत तीच. शटर अर्धं खाली, मी टेबलाशी, तो समोर. मी मान खाली घालून इस्त्री करत राहायचं. हात गाण्याच्या ठेक्यावर चालला तर गाणं बाहेर पडणार. इस्त्री थांबली किंवा हात भरकटला, तर बाद. लहानपणी तो ह्याच टेबलाखाली बसून टेबलाच्या पायांवर खडूने ओळी लिहायचा — म्हणून तर खडू — तेव्हापासून हे चालू आहे. आता एवढी मोठी कंपनी, एवढे सूटवाले, पण “ताईची इस्त्री चालली का?” विचारल्याशिवाय गाणं पुढे सरकत नाही.

आणि ताईचे कान गेलेत! डावा पुरता. उजव्यात पातेल्याच्या तळाशी उरावं एवढं. डॉक्टरांनी यंत्र दिलं, त्यात नुसती खरखर. खडूला सांगायचं नाही अशी ह्यांना शपथ घातलीय. कळलं तर तो बिचारा मला विचारणंच बंद करेल. तेवढं एक मला सहन होणार नाही.

आजवर निभावलं ते ढोलामुळे. तो स्पीकर टेबलावरच ठेवतो, ढोल लाकडातून मनगटापर्यंत येतो आणि हात आपोआप चालतो. पण कधी चुकले तर? इतक्या वर्षांचं त्याचं नाव माझ्या हातून मातीत जायचं.

१० मार्च

काय लिहू.

रेकॉर्डिंगवालाही आला होता सोबत. तोंड पाडून. खडूने स्पीकर टेबलावर ठेवला, बटण दाबलं, ओठ हलायला लागले. मी एक पांढरा शर्ट पसरला. टेबल गप्प. तळहात टेकवून बघितला — गप्प. ढोलच नाही!

थांबावं तर त्याचं गाणं बाद होणार, चांगलं असलं तरी. म्हणून मनातल्या मनात ‘उलटा शर्ट’ लावलं आणि त्यावर इस्त्री दामटली. पाठ झाली, बाह्या झाल्या, कॉलर झाली. मग मान वर केली. दोघेही हाताची घडी घालून उभे. गाणं कधीच संपलं होतं आणि माझी इस्त्री चालूच!

जमीन दुभंगावी असं वाटलं. खडू रेकॉर्डिंगवाल्याकडे वळून “बघितलंस?” एवढंच म्हणाला, ओठांवरून कळलं. मग नेहमीसारखा अगदी तोंडासमोर आला, माझ्या हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि सावकाश म्हणाला, “गाणं बाद, ताई. तुझं काही चुकलं नाही.”

गेल्यावर खूप रडले. त्याला कळलं का? तसा चेहरा तर नव्हता. हे म्हणाले, “आता सांगून टाक.” नाही.

११ मार्च

शर्ट मात्र झकास झाला होता. गिऱ्हाईक खूश.

२ एप्रिल

आला! मला वाटलं होतं, आता काही येत नाही. तेच गाणं घेऊन आला, पण ह्या वेळी ढोल असा की टेबलावरची पाण्याची बाटली नाचायला लागली. माझा हातही नाचला. खडू टाळ्या पिटत दुकानभर फिरला, चाळिशी उलटली तरी टेबलाखालचाच वाटतो. देवा, तुझे उपकार. वाचवलंस.

२० मे

पहिला नंबर! ह्या वर्षातलं सगळ्यात जास्त खपलेलं गाणं म्हणे. गिऱ्हाइकं मलाच पेढे मागतायत.

२३ मे

रेकॉर्डिंगवाला कपडे टाकायला आला होता. ह्यांच्याशी बराच वेळ बोलत बसला. तो गेल्यावर हे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, आधी शपथेवर सांगितलं की “मी तोंड उघडलं नव्हतं,” आणि मग त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मार्चमध्ये कंपनीने ढोल काढायला लावला होता, जुना झाला म्हणून. खडू म्हणाला, “ताईचा हात चालला तर काढा.” ढोल मुळात आला तोही असाच. काही वर्षांपूर्वी खडू दुकानाच्या दारातून मला हाका मारत राहिला आणि मी वळलेच नाही. त्याच दुपारी तो स्टुडिओत जाऊन म्हणाला, “ढोल वाढव. टेबल हलेपर्यंत वाढव. ताईला कळलं पाहिजे.”